नळमार्ग निरीक्षण, भूमिगत

नळमार्ग निरीक्षण, भूमिगत : जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळाला लागलेला गंज आणि त्याच्या बाह्य लेपाला झालेली इजा, शक्यतो नळ उघडा न करता ओळखण्याच्या पद्धती. पूल, टाकी किंवा बाष्पित्र डोळ्यांनी तपासता येते. पुरलेला नळ तसा तपासता येत नाही. त्यामुळे त्याचे निरीक्षण नेहमी अप्रत्यक्षच राहिले आहे. प्रथम कानाने, पुढे विजेने व त्यानंतर नळाच्या पोटात सोडलेल्या यंत्राने, अशा क्रमाने या पद्धती विकसित झाल्या. मात्र हा क्रम सर्व नळांच्या बाबतीत सारखा झाला नाही. नळातून वाहणारा पदार्थ जितका मौल्यवान किंवा ज्वालाग्राही, तितकी त्या नळाच्या निरीक्षणात प्रगती लवकर झाली. सर्वाधिक लोकांच्या आरोग्याशी संबंध असलेले पाण्याचे नळ त्यात मागे राहिले. नागपूर शहरात व त्याच्या परिसरात या दोन्ही प्रकारचे नळ असल्याने हा फरक तेथे स्पष्टपणे दिसून येतो.

नागपूरचा पाणीपुरवठा : भोसल्यांच्या राजवटीत अंबाझरी तलावाचे पाणी खापरी नळांतून शहरातील मोजक्या वाड्यांपर्यंत आणलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तलावाचा बांध उंचावून शहराला नळाने पाणी देण्याची व्यवस्था करण्यात आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोरेवाडा तलाव, पुढे कन्हान नदी व नंतर पेंच प्रकल्प अशी उद्‌गमस्थाने वाढत गेली. खापरी नळ गंजत नाहीत, मात्र ते फुटतात आणि दाब सहन करीत नाहीत. त्यामुळे दाबाखाली पाणी वाहून नेण्यासाठी इतर शहरांप्रमाणे येथेही बिडाचे नळ आले.

बिडाच्या नळाचा एक दोष असा की, तो गंजला तरी गंजल्यासारखा दिसत नाही. बिडात लोखंडाबरोबर ग्रॅफाइटाचे पापुद्रे असतात. ओलसर जमिनीत लोखंड विरघळून निघून जाते आणि ग्रॅफाइटाचा सांगाडा मूळ आकारात तसाच राहतो. खणून काढलेला असा नळ वरवर पाहता अखंड वाटतो. परंतु चाकूने खरवडल्यास पेन्सिलीच्या शिशाप्रमाणे त्याचा भुगा पडतो. असा नळ कित्येक वर्षे टिकून राहतो आणि वरून एखादे जड वाहन गेले किंवा पंप एकाएकी बंद झाल्याने पाण्याचा दाब उसळला, की एका क्षणात फुटतो. डोळ्यांनी केलेले निरीक्षण येथे निरुपयोगी ठरण्याचे हे मुख्य कारण होय.

श्रवण व रात्रीचा प्रवाह : सर्वांत जुनी पद्धत गळतीचा आवाज ऐकण्याची आहे. रात्री रहदारी थांबल्यावर झडपेच्या दांड्यावर लाकडी किंवा लोखंडी काठीचे एक टोक टेकवून दुसरे टोक कानाशी धरले, की दाबाने बाहेर पडणाऱ्या पाण्याची सळसळ ऐकू येते. पाणीपुरवठा खात्यातील अनुभवी माणसे केवळ एवढ्या साधनाने गळतीची जागा हातभर अंतरात सांगत असत. या कौशल्याला मापनाची जोड १८७३ साली मिळाली. त्या वर्षी जॉर्ज डीकन यांनी लिव्हरपूल येथे प्रवाहाची सतत नोंद करणारा मापक वापरात आणला. मध्यरात्रीनंतर लोक पाणी वापरीत नसताना एखाद्या विभागात शिरणारे पाणी हे बहुतांशी वाया जाणारे पाणी असते. एकेक झडप बंद करीत गेल्यास हा प्रवाह कोणत्या गल्लीत नाहीसा होतो, ते समजते.

अलीकडे काठीची जागा सहसंबंधकाने घेतली आहे. नळावर दोन ठिकाणी संवेदक बसवून गळतीचा आवाज त्या दोहोंपर्यंत पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजतात. नळातील ध्वनीचा वेग माहीत असल्यास त्यावरून गळतीचे अंतर काढता येते. तथापि काठी काय किंवा सहसंबंधक काय, दोन्हींना नळ गळू लागल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. अर्धा गंजलेला नळ आवाज करीत नाही.

नागपूर येथे १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखली जाते. या संस्थेने देशातील अनेक शहरांत गळतीशोधनाची पाहणी केली. तिच्यातून निघालेला एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे : बहुतेक गळत्या मुख्य नळांवर नसून घरगुती जोडनळांवर असतात. जस्ताचा मुलामा दिलेले हे बारीक लोखंडी नळ पुष्कळदा गटारातून किंवा गटाराला लागून नेलेले असतात आणि मुलामा झिजल्यावर काही वर्षांतच त्यांची चाळण होते. दिवसातून काही तासच पाणी येत असेल, तर उरलेल्या वेळात नळ रिकामा होऊन त्यातील दाब उतरतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्याच छिद्रातून सांडपाणी आत शिरते. कावीळ, अतिसार व विषमज्वर यांच्या शहरी साथींचा माग अनेकदा अशा छिद्रांपर्यंत पोहोचतो. म्हणून पाण्याच्या नळावरील गंजाकडे केवळ पाण्याच्या नासाडीचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरते.

विद्युत् पद्धतींचा उगम : जमिनीतील गंज ही विद्युत् रासायनिक क्रिया आहे. नळाच्या एका भागातून प्रवाह मातीत जातो व तेथे लोखंड विरघळते; दुसऱ्या भागात तो परत येतो व तो भाग सुरक्षित राहतो. पहिल्या भागाला धनाग्र व दुसऱ्याला ऋणाग्र म्हणतात. सबंध नळच ऋणाग्र केला, तर तो गंजणार नाही, ही कल्पना हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर यशस्वी करून दाखविली होती. पुरलेल्या नळांपर्यंत यायला तिला शंभर वर्षे लागली, हे आज नवलाचे वाटते.

मधल्या काळात प्रश्न वेगळ्याच दिशेने पुढे आला. विजेच्या ट्रामगाड्या रुळांतून परतणारा एकदिश प्रवाह जमिनीत सांडत व तो जवळच्या नळांत शिरे. ज्या ठिकाणी तो नळातून बाहेर पडे, तेथे नळ झपाट्याने खाल्ला जाई. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने १९१० मध्ये या भटक्या प्रवाहांचा अभ्यास हाती घेतला. ट्रामपासून दूर असलेले नळही गंजतात, असे आढळल्यावर तिने १९२२ पासून निरनिराळ्या मातींत नळांचे हजारो तुकडे पुरून ठेवले व ठराविक वर्षांनी खणून तपासले. मेल्व्हिन रोमानॉफ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला या प्रयोगांचा अहवाल अद्यापि वापरात आहे. याच संस्थेतील फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मातीची विद्युत् रोधकता मोजण्याची चार खुंट्यांची पद्धत दिली. समान अंतरावर चार खुंट्या ठोकून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. ज्या मातीचा रोध कमी, तिच्यात गंजाचा धोका सामान्यतः अधिक. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मुंबईत १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेच्या ट्रामगाड्या होत्या. तेथील उपनगरी रेल्वे १९२५ पासून १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावत असे व हा प्रवाह २०१० नंतरच्या दशकात पूर्णपणे बदलण्यात आला. भटक्या प्रवाहाचा उपद्रव त्यामुळे मुंबईच्या नळांना अधिक झाला.

रॉबर्ट कून यांनी १९२८ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे एका लांब पल्ल्याच्या वायुवाहिनीला एकदिशकारक जोडून ऋणाग्री संरक्षण दिले. नळाचे विद्युत् वर्चस् तांबे व मोरचूद यांच्या संदर्भ विद्युत् घटाच्या तुलनेत −०·८५ व्होल्टपर्यंत खाली आणल्यास गंज थांबतो, असे त्यांना आढळले. मोरचुदाच्या संपृक्त विद्रावात बुडविलेली तांब्याची कांडी व तळाशी सच्छिद्र बूच, एवढाच हा घट असतो. तो नळावरील जमिनीवर टेकवायचा, व्होल्टमापकाचे दुसरे टोक नळाला जोडलेल्या तारेस लावायचे व आकडा वाचायचा. नळमार्गाच्या कडेने ठराविक अंतरावर दिसणारे लहान खांब अशा तारा वर आणण्यासाठीच असतात. पुरलेल्या नळाची प्रकृती तो गळण्यापूर्वी जमिनीवरून अजमावण्याचे हे पहिले साधन होय.

जुन्या पाण्याच्या नळांना मात्र या साधनाचा फारसा उपयोग झाला नाही. शिसे ओतून किंवा रबरी कडी घालून केलेल्या सांध्यांमुळे बिडाचा नळमार्ग विजेच्या दृष्टीने सलग राहत नाही. एका तुकड्यावरील वाचन पुढच्या तुकड्याविषयी काही सांगत नाही. तेल व वायू यांचे पोलादी नळ वितळजोडाने सांधलेले असल्याने शेकडो किलोमीटर लांबीची वाहिनी एकाच तारेसारखी वागते. निरीक्षणाच्या इतिहासातील फाटा येथे फुटला. त्यामागे पैशाइतकेच हे तांत्रिक कारणही आहे.

लेपाची तपासणी : पोलादी नळावर प्रथम दगडी कोळशाच्या डांबराचे एनॅमल व काचतंतूंचे वेष्टन, नंतर प्लॅस्टिकच्या चिकट फिती व अलीकडे इपॉक्सी आणि पॉलिएथिलीन यांचा तीन थरांचा लेप देतात. लेप चांगला असेल तर संरक्षक प्रवाह अत्यल्प लागतो. लेपाला जेथे भोक पडते, तेथे तो प्रवाह एकवटतो. याचा उपयोग जॉन पीअर्सन यांनी १९४० नंतरच्या दशकात केला. नळात ऐकू येण्याजोग्या कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडून, बुटांना खिळे ठोकलेली दोन माणसे तारेने एकमेकांस जोडून नळावरून एकापुढे एक चालतात. लेपाच्या भोकावर पाय पडताच कानातील ध्वनी वाढतो. ही पद्धत स्वस्त होती; मात्र तिचे यश चालणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे.

वर्चसाचे वाचन खांबापाशीच घेतले, तर दोन खांबांमधील जागेचे काहीच कळत नाही. म्हणून १९७० नंतरच्या दशकात बारीक तार सोडत चालत साधारण एक मीटर अंतरावर वाचन घेण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात एक खाच होती. प्रवाह चालू असताना मातीतील रोधामुळे पडणारा दाबही वाचनात मिसळतो व नळ आहे त्यापेक्षा अधिक सुरक्षित भासतो. त्यामुळे सर्व एकदिशकारक एकाच वेळी क्षणभर बंद करून त्या क्षणीचे वाचन घेतात. तेच खरे समजले जाते. जुन्या अहवालांतील समाधानकारक आकडे पुष्कळदा या एका कारणाने फसवे ठरले.

ऑस्ट्रेलियातील जॉन मल्व्हेनी यांनी दाब-उताराची पद्धत शोधली. नळातील एकदिश प्रवाह ठराविक लयीत चालू-बंद करतात आणि निरीक्षक दोन काठ्यांच्या टोकांशी असलेले घट जमिनीला टेकवीत चालतो. मापकाचा काटा लेपाच्या भोकाच्या दिशेने हेलकावतो. भोक ओलांडले, की त्याची दिशा उलटते. या पद्धतीने भोकाची जागा वीतभर अंतरात सापडते व त्याच्या गांभीर्याचा अंदाजही येतो. प्रत्यावर्ती प्रवाह नळाच्या लांबीबरोबर कसा क्षीण होत जातो हे वरून मोजून लेपाची सरासरी अवस्था ठरविण्याची पद्धत त्यानंतर आली. रस्त्याच्या डांबरावरूनही ती वापरता येते, हा तिचा विशेष होय.

काळी जमीन : वरील सर्व पद्धती परदेशी मातीत सिद्ध झाल्या. विदर्भातील काळ्या कापसाच्या जमिनीत त्यांचा वापर करताना वेगळी काळजी घ्यावी लागते. या मातीतील मृद्‌कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीची रोधकता बरीच कमी असते, म्हणजे ती गंजाला अनुकूल असते. वैशाखात त्याच जमिनीला खोल भेगा पडतात. भेगाळलेल्या कोरड्या पृष्ठावर टेकविलेल्या घटाचा मातीशी नीट संपर्क होत नाही व वाचन अस्थिर होते. पाणी ओतून जागा भिजविणे हा नेहमीचा उपाय. तथापि पाऊस संपून जमीन ओलसर असताना, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पाहणी करणे अधिक श्रेयस्कर. एकाच नळाची मे व ऑक्टोबरमधील वाचने शेजारी ठेवून तुलना करणे गैर आहे.

याहून गंभीर परिणाम लेपावर होतो. फुगणारी व आकसणारी माती नळाला धरून ओढते. फितीच्या लेपाला त्यामुळे सुरकुत्या पडतात, तो नळापासून सुटतो व त्याच्याखाली पाणी साचते. सुटलेली प्लॅस्टिकची फीत विद्युत् निरोधक असल्याने संरक्षक प्रवाह आत पोहोचत नाही, तसेच लेपाला भोक नसल्याने वरून चालणाऱ्या निरीक्षकाच्या मापकावर काहीच उमटत नाही. नळ आतल्या आत गंजतो आणि नोंदवहीत मात्र तो सुरक्षित असतो. कॅनडात १९८५ नंतर फितीखाली पडलेल्या बारीक भेगांमुळे अनेक वायुवाहिन्या फुटल्या व तेथील ऊर्जा मंडळाने १९९५–९६ मध्ये त्याची चौकशी केली. फुगणाऱ्या मातीत लेपाची निवड करताना ही उदाहरणे विसरून चालणार नाही. तीन थरांचा लेप या बाबतीत पुष्कळ अधिक टिकाऊ आहे.

नळाच्या आतून तपासणी : तेलवाहिनीतील मेण व गाळ खरवडण्यासाठी प्रवाहाबरोबर ढकलले जाणारे दट्टे पूर्वीपासून वापरात होते. त्यांना पिग म्हणतात. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत अशा पिगवर चुंबक व संवेदक बसविण्यात आले. शक्तिमान चुंबकाने नळाची भिंत संपृक्त केली, की जेथे भिंत पातळ झाली आहे तेथून चुंबकीय स्रोत बाहेर झिरपतो व संवेदक त्याची नोंद करतो. पहिली यंत्रे नळाचा केवळ तळभाग तपासत असत. ब्रिटिश गॅस या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात संवेदकांची संख्या वाढवून ही पद्धत सूक्ष्म केली. श्राव्यातीत तरंगांनी भिंतीची जाडी मोजणारे पिग त्यानंतर आले. परंतु तरंगांच्या वहनासाठी द्रव लागत असल्याने ते मुख्यतः तेलवाहिन्यांत वापरले जातात.

पिग भिंतीची झीज सांगतो, बाहेरच्या लेपाविषयी मात्र चुंबकीय पिग काही सांगत नाही. वरून केलेली विद्युत् पाहणी लेपाविषयी सांगते, पण आतून लागलेल्या गंजाविषयी ती मूक असते. न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबॅडजवळ १९ ऑगस्ट २००० रोजी वायुवाहिनी फुटून तेथे मुक्कामास आलेली १२ माणसे मृत्युमुखी पडली. सखल भागात साचलेल्या द्रवामुळे तो नळ आतून गंजला होता व रचनेमुळे त्या भागातून पिग जाऊ शकत नव्हता. आंध्र प्रदेशातील नगरम् येथे २७ जून २०१४ रोजी झालेल्या वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक माणसे दगावली. तेथेही वायूबरोबर आलेल्या पाण्यामुळे नळ आतून गंजला होता. याउलट मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात पेट्रोलचा नळ बाहेरून, पाण्याच्या एका नळाच्या सान्निध्यामुळे गंजला. पेट्रोल गटारांत झिरपून २२ एप्रिल १९९२ रोजी अनेक रस्ते उखडले गेले व दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. शहरातील दोन खात्यांचे नळ जमिनीखाली एकमेकांचे शेजारी असतात, याचे भान त्या दोन्ही खात्यांना क्वचितच असते.

अमेरिकेतील नॅकिटश येथील १९६५ च्या स्फोटानंतर, ज्यात १७ जण दगावले, तेथे १९६८ साली वायुवाहिन्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. कायदे बहुधा अपघातामागूनच आले आहेत. भारतात नळमार्गासाठी जमीन वापरण्याच्या हक्काचा कायदा १९६२ मध्ये झाला. वायुवाहिन्यांच्या अखंडतेच्या व्यवस्थापनाचे नियम २०१२ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने केले.

विदर्भातील सद्यःस्थिती : मुंबई–नागपूर–झारसुगुडा या नैसर्गिक वायुवाहिनीचा मुंबई–नागपूर हा सुमारे ७०० किमी. लांबीचा टप्पा मुख्यतः समृद्धी महामार्गाच्या हद्दीतून नेण्यात आला. त्यामुळे शेतजमिनीचे हक्क मिळविण्याची अडचण कमी झाली आणि निरीक्षकाला वाट सुलभ झाली. नागपूर परिसरात एक निराळी अडचण आहे. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रांमुळे येथे उच्च दाबाच्या तारांचे दाट जाळे आहे. २०१९ पासून सुरू झालेली नागपूर मेट्रो व मध्य रेल्वेचे येथील मार्ग २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. अशा तारांना समांतर असलेल्या नळात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. लेप जितका उत्तम, तितका हा दाब जमिनीत कमी उतरतो व नळावर वाढत जातो. मग लेपातील एखाद्या सुईएवढ्या भोकातून तो बाहेर पडतो व तेथे लोखंड खाल्ले जाते, ऋणाग्री संरक्षणाचे वाचन समाधानकारक असले तरीही. जुन्या, ठिकठिकाणी सोललेल्या लेपाच्या नळांना हा त्रास फारसा नव्हता.

कोणतीही एक पद्धत पुरी पडत नाही, हे मान्य करूनच २००२ मध्ये अमेरिकेतील गंजविषयक अभियंत्यांच्या संघटनेने बाह्य गंजाच्या प्रत्यक्ष मूल्यमापनाचे मानक तयार केले. आधी नळाचा जुना इतिहास व मातीची माहिती गोळा करावयाची, मग निदान दोन परस्परपूरक विद्युत् पद्धतींनी पाहणी करावयाची आणि शेवटी निवडक ठिकाणी खड्डा खणून नळ डोळ्यांनी पाहावयाचा, असा तिचा क्रम आहे. शंभर वर्षांच्या खटपटीनंतर फावडे पुन्हा हाती आले. फरक एवढाच की, आता ते कोठे मारायचे हे ठाऊक असते. पहिल्या टप्प्यासाठी विदर्भात चांगली सोय आहे : राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपुरात असून तिने तयार केलेले मृदानकाशे नळमार्गाच्या कामात उपयोगी पडण्याजोगे आहेत.

पाण्याच्या नळांबाबत नागपूरने निरीक्षणाऐवजी मुख्यतः बदलाचा मार्ग पत्करला. पेंचचे पाणी उघड्या कालव्याऐवजी मोठ्या व्यासाच्या पोलादी नळातून आणण्यात आले. धरमपेठ विभागात चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि २०१२ पासून शहराच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. त्यात जुने लोखंडी जोडनळ काढून पॉलिएथिलीनचे नळ घालणे हे प्रमुख काम होते. खाजगीकरणाच्या इष्टानिष्टतेविषयी शहरात मतभेद आहेत. जोडनळ बदलण्याची गरज मात्र नीरीच्या पाहणीने फार पूर्वीच दाखवून दिली होती. प्लॅस्टिकच्या नळाला गंज लागत नाही. परंतु त्याच्यातून गळतीचा आवाज दूरवर जात नाही, त्यामुळे काठी व सहसंबंधक दोन्ही दुबळे पडतात. तो धातूचा नसल्याने विद्युत् शोधकालाही सापडत नाही. भूवेधी रडारची मदत घ्यावी, तर ओल्या काळ्या मातीत त्याचे तरंग थोड्याच खोलीवर विरून जातात. म्हणून असा नळ पुरतानाच त्याच्यालगत तांब्याची एक तार टाकून तिचे टोक झडपेच्या पेटीत वर काढून ठेवतात व नकाशावर त्याची खोली आणि जवळच्या पक्क्या खुणेपासूनचे अंतर नोंदवितात.